लग्नाच्या शूटिंगमधून डिपोझिशनच्या कॅमेऱ्यामागे: काय सोडायचं, काय शिकायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात बरीच वर्षं लग्नं शूट केलीत, आता कुटुंबासह न्यू जर्सीत आला आहात, आणि एडिसनजवळच्या एका कोर्ट रिपोर्टिंग एजन्सीने ‘डिपोझिशनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग कराल का’ असं विचारलं आहे. हाताशी दोन मिररलेस कॅमेरे, एक गिंबल आणि वायरलेस कॉलर माइकची जोडी आहे. एवढ्यावर भागेल का, कायद्याचं काय यावं लागतं, आणि उद्या भारतात परतलात तर याचा उपयोग होईल का?

मी न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये हेच काम करतो. पहिल्यांदा एक कोरडी गोष्ट: तुमच्या व्हिसावर काम करायची परवानगी आहे ना, ते बघा. एच-४ वर असाल तर ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, हातात आल्याशिवाय एकही बिल फाडू नका. ते जमत असेल तर पुढचं वाचा.

डिपोझिशन म्हणजे खटल्याची सुनावणी सुरू होण्याआधी, कोर्टाबाहेर, शपथेवर घेतलेली साक्ष. जागा बहुतेक वेळा एखाद्या वकिलाची कॉन्फरन्स रूम. न्यायाधीश तिथे नसतो. शपथ देतो कोर्ट रिपोर्टर, आणि तोच स्टेनो मशीनवर शब्दन्‌शब्द उतरवून घेतो. समोरच्या वकिलाने हरकत घेतली तरी तिचा निकाल देणारं त्या खोलीत कुणी नसतं, त्यामुळे हरकत नोंदवली जाते आणि साक्षीदार बहुतेक वेळा उत्तर देतोच. निकाल पुढे कधीतरी कोर्टात लागतो. न्यायाधीश खोलीत नाही ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण तुमच्या कामाच्या निम्म्या शिस्ती त्यातूनच आल्या आहेत. तिथे काय घडलं याबद्दल उद्या दोन वकिलांत वाद झाला, तर रिपोर्टरचा कागद आणि तुमची फाइल यांपलीकडे दाखवायला काही नसतं.

कागद असताना व्हिडिओचे पैसे कोण कशाला देतो, याचं उत्तर १९९८ सालच्या मायक्रोसॉफ्ट खटल्यात सापडतं. अमेरिकी सरकारच्या वतीने वकील डेव्हिड बॉईस यांनी बिल गेट्स यांचं डिपोझिशन घेतलं. ते ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालं आणि एकूण तीन दिवस चाललं. त्या खटल्याच्या सुनावणीत गेट्स स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात आलेच नाहीत. बॉईस यांनी डिपोझिशनचे तुकडे हप्त्याहप्त्याने कोर्टात लावले. खुर्चीत मागेपुढे डोलणं, साध्या शब्दाचा अर्थ उलट विचारणं, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली लांबच लांब शांतता, हे सगळं लोकांना दिसलं. ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे रिपोर्टरच्या कागदावर, शांतता छापली जात नाही. तिथे प्रश्नाखाली लगेच उत्तर येतं, मग मध्ये दोन सेकंद गेलेले असोत की वीस. वकील पैसे मोजतो ते या वीस सेकंदांचे.

म्हणूनच लग्नाच्या कामातली सगळ्यात घट्ट सवय इथे सोडावी लागते. लग्नात आपण कुणाच्या तरी बाजूने शूट करतो. नवरीचा चांगला कोन शोधतो, मामा चिडलेले असले तर कॅमेरा वळवतो, आणि पैसे देणाऱ्याला आवडेल असं काहीतरी तयार करतो. डिपोझिशनमध्ये तुम्हाला बोलावणारा एका पक्षाचा वकील असतो, बिलही तोच भरतो, पण कॅमेरा त्याच्या बाजूचा नसतो. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी नियमांतला नियम ३० यावर स्पष्ट आहे: रेकॉर्डिंगच्या तंत्राने साक्षीदाराचं किंवा वकिलांचं रूप आणि वागणं विकृत करता कामा नये. हे एक वाक्य पाठ करा. अवघड प्रश्नाला हळूच झूम इन करणं हे विकृत करणंच आहे. घामाच्या थेंबावर फोकस नेणं, खालून कोन लावून माणूस उर्मट दिसेल असं करणं, एका गालावर अंधार ठेवून ‘सिनेमॅटिक’ प्रकाश करणं, हे सगळं त्याच खात्यात जमा होतं.

फ्रेम एकच, आणि ती दिवसभर तीच. डोकं, खांदे, छाती आणि टेबलाची थोडी कड, म्हणजे हात वर आले तर दिसतील. कॅमेरा साक्षीदाराच्या डोळ्यांच्या उंचीला. तो प्रश्न विचारणाऱ्या वकिलाच्या खांद्याजवळ ठेवला, की साक्षीदार वकिलाकडे बघून बोलला तरी लेन्सच्या आसपासच बघत असतो. वकील भलत्या खुर्चीत जाऊन बसला, तर पडद्यावर सात तास साक्षीदाराचा कान दिसतो. त्यामुळे वेळेच्या तासभर आधी पोचा आणि खुर्च्या तुम्ही लावा. वकील आल्यावर ‘आपण इथे बसाल का’ म्हणायला कचरू नका, बहुतेक जण ऐकतात. साक्षीदाराच्या मागे खिडकी नको. या भागातल्या वकिलांना काचेच्या खोल्यांचा भारी सोस, म्हणून घडी होणारा करडा किंवा निळा पडदा कायम गाडीत ठेवा. टेबलावरची कॉफीची कपं आणि कंपनीचं नाव छापलेल्या बाटल्या फ्रेमबाहेर काढा. एक्झिबिटवर, म्हणजे पुरावा म्हणून दाखवलेल्या कागदावर किंवा वस्तूवर, कॅमेरा न्यायचा तो वकिलाने रेकॉर्डवर सांगितलं तरच. आपल्याला वाटलं म्हणून नाही.

आता आवाज. चित्र थोडं सपाट आलं तर कुणी विचारत नाही, पण एक उत्तर ऐकू आलं नाही तर फोन येतो.

तुमचे वायरलेस माइक घरी ठेवा. ऑफिसच्या इमारतीत इंटरफरन्स येतो, हे कारण आहेच, पण ते दुय्यम. खरं कारण असं की ब्रेकमध्ये वकील माइक न काढता उठतो, अशिलाला घेऊन कॉरिडॉरमध्ये जातो आणि मघाच्या प्रश्नाबद्दल बोलू लागतो. वकील आणि अशील यांच्यातलं ते बोलणं कायद्याने गोपनीय आहे, आणि ते तुमच्या हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येतंय. मिक्सरमधून रिपोर्टरच्या लॅपटॉपला लाइन दिलेली असेल, तर तिकडेही जातंय. कुणी झूमवरून जोडलेलं असेल तर विरुद्ध पक्षही ऐकतोय. वायर असलेला कॉलर माइक माणूस उठला की ओढला जातो, आणि तो ‘अरेच्चा’ म्हणून काढून ठेवतो. स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

साक्षीदाराला एक माइक, विचारणाऱ्या वकिलाला एक, साक्षीदाराचा बचाव करणाऱ्या वकिलाला एक, आणि बाकीच्यांसाठी टेबलावर सपाट बसणारा बाउंड्री माइक. सगळे मिक्सरमध्ये, प्रत्येकाचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, वेगळा. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वाढवणारी सोय, बंद, नाहीतर कुणी बोलत नसताना एसीची घरघर वर येते, आणि मघाशी ज्या शांततेचे पैसे म्हणालो तिच्यात पंखा ऐकू येतो. कान झाकणारे हेडफोन रेकॉर्ड चालू असेपर्यंत डोक्यावरून उतरायचे नाहीत. लेव्हल मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला आहे असं नाही. रेशमी टाय माइकवर घासला तरी मीटर हलतोच. आपल्याकडच्या बायका साक्षीला येतात तेव्हा मंगळसूत्राच्या वाट्या माइकवर टकटक वाजतात. सुरू होण्याआधी हे सांगून, विचारून, माइक पदराच्या किंवा जॅकेटच्या दुसऱ्या बाजूला लावायचा. वकिलांचा आवडता प्रकार म्हणजे तीनशे पानांचं बाइंडर बरोब्बर बाउंड्री माइकवर आपटणं. माइक त्यांच्या कागदांपासून हातभर लांब ठेवा, आणि टेबलावर थरथरणारे मोबाइल उचलायला सांगा.

बोलणं मध्येच थांबवायचा हक्क रिपोर्टरचा मोठा आणि तुमचा लहान. दोघं एकदम बोलले, शब्द कळला नाही, साक्षीदाराने नुसती मान हलवली, तर रिपोर्टर थांबवेल आणि ‘तोंडी उत्तर द्या’ म्हणेल. तुम्ही थांबवायचं ते फक्त तांत्रिक कारणासाठी: माइक पडला, वायर सुटली. तेही एका वाक्यात.

नियमाने सुरुवातीला रेकॉर्डवर काही गोष्टी बोलाव्याच लागतात: साक्ष ज्याच्यासमोर होते त्या अधिकाऱ्याचं, म्हणजे रिपोर्टरचं, नाव आणि व्यवसायाचा पत्ता, तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदाराचं नाव, शपथ, आणि खोलीत हजर असलेले सगळे. व्यवहारात यातला बराचसा भाग व्हिडिओग्राफर वाचून दाखवतो, मग वकील आपापली हजेरी सांगतात आणि रिपोर्टर शपथ देतो. खटल्याचं नाव आणि नंबर नोटीसवरून आदल्या रात्री कागदावर उतरवून ठेवा, नावांचे उच्चार रिपोर्टरला विचारून घ्या. टेपचा काळ गेला तरी रेकॉर्डिंगचे भाग पाडायची रीत राहिली आहे. प्रत्येक भागाला ‘मीडिया नंबर दोन’, ‘तीन’ म्हणतात, आणि नवा भाग सुरू झाला की यातला काही मजकूर पुन्हा बोलायचा असतो. शेवटी साक्ष संपल्याचं आणि वकिलांत काही ठरलं असेल तर तेही रेकॉर्डवर यायला हवं.

वेळ चित्रावरच छापलेली हवी: तास, मिनिट, सेकंद. कॅमेऱ्याचं घड्याळ सकाळी मोबाइलशी जुळवा, आणि ‘ऑन द रेकॉर्ड’, ‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणताना भिंतीवरचं नाही तर स्क्रीनवर दिसणारंच वाचा. फेडरल नियमांत डिपोझिशनला एक दिवस आणि सात तासांची मर्यादा आहे. ते सात तास प्रत्यक्ष साक्षीचे. जेवणाची आणि इतर वाजवी सुटी त्यात धरत नाहीत. राज्यांच्या कोर्टांत मर्यादा वेगळ्या असतात. दुपारी साडेचारला विचारणारा वकील म्हणतो ‘माझे अजून पन्नास मिनिटं आहेत’, बचावाचा म्हणतो ‘वीस’, आणि दोघंही तुमच्याकडे बघतात. तेव्हा तुमच्या लॉगवर प्रत्येक चालू-बंदची वेळ लिहिलेली पाहिजे. आकडा सांगा आणि गप्प बसा. कुणाचं बरोबर, हे आपण सांगायचं नसतं.

बंद कधी करायचं, यावर नवखे सगळ्यात जास्त घसरतात. सगळे वकील राजी असतील तरच ‘ऑफ’. पैसे देणारा वकील खुर्ची मागे सारून ‘वी आर ऑफ’ म्हणतो, समोरचा म्हणतो ‘नाही, प्रश्न अजून उत्तराविना पडलाय’. कॅमेरा चालूच. पहिला तुमच्याकडे डोळे वटारून बघेल, बघू दे. अशा वेळी बंद केलेला कॅमेरा दुसऱ्या पक्षाला कोर्टात अर्ज करायला आयतं कारण देतो. आणि खरोखर ऑफ झालात की क्रम ठरलेला: वेळ सांगा, रेकॉर्ड थांबवा, लाल दिवा गेल्याची खात्री करा, सगळे फेडर खाली, झूम म्यूट, हेडफोन काढा. मग कॉफी.

ब्रेकमध्ये साक्षीदार घाबरलेला असतो आणि तुम्ही खोलीतले एकटे निरुपद्रवी दिसणारे गृहस्थ असता. तो विचारतो, ‘मी बरं बोललो का?’ हसून ‘पाणी हवंय का’ म्हणा. केसबद्दल अक्षरही नाही, कुणाशीच नाही, घरीही नाही. साक्ष ज्याच्यासमोर घेतली जाते तो पक्षकाराचा किंवा वकिलाचा नातेवाईक वा नोकर नसावा आणि खटल्यात त्याचा पैशाचा संबंध नसावा, असं फेडरल नियम २८ सांगतो. शपथ देणारा रिपोर्टर असला तरी हाच निकष स्वतःला लावा. न्यू जर्सीतल्या मराठी माणसांत ओळखी लवकर निघतात. नोटीसवर ओळखीचं आडनाव दिसलं तर एजन्सीला ताबडतोब कळवा आणि काम सोडा.

भाषेची एक परीक्षा तुमच्याही वाट्याला येईल. कधीतरी साक्षीदार मराठी असेल आणि शेजारी कोर्टाचा दुभाषी बसलेला असेल. दुभाष्याला स्वतंत्र माइक द्या, त्याचा इंग्रजी आवाजच रेकॉर्डवरचं उत्तर असतो. त्याने उत्तर उतरवताना काही निसटवलं असं तुमच्या कानांना जाणवलं तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. भुवईसुद्धा नाही. साक्षीदाराचे मूळ शब्द तुमच्या फाइलमध्ये आहेत, आणि भाषांतरावर वाद झाला तर वकील दुसरा तज्ज्ञ आणून तीच फाइल ऐकवतील. मला हे फार जड गेलं, अजूनही जातं.

न्यू जर्सीत तुम्हाला सगळ्यात जास्त काम मिळेल ते डॉक्टरांच्या साक्षीचं. राज्याच्या नियम ४:१४-९ प्रमाणे उपचार करणाऱ्या डॉक्टरची किंवा तज्ज्ञाची, खटल्यातल्या साक्षीऐवजी वापरायची म्हणून घेतलेली व्हिडिओ साक्ष, तो स्वतः हजर राहू शकत असला तरी ज्यूरीला दाखवता येते. अपघाताच्या दाव्यांत हे रोजचंच आहे. म्हणजे ही फाइल नुसती तयारीची नसते, थेट ज्यूरीसमोर लागते. जागा डॉक्टरचं क्लिनिक, वेळ पेशंट संपल्यानंतरची, टेबल दोन वकील मावतील न मावतील असं. औषधांचा फ्रिज मध्येच गुरगुरू लागतो. तो बंद करायला सांगू नका, आत लसी असतात. डॉक्टरची खुर्ची लांबच्या भिंतीकडे सरकवा. डॉक्टर पाठीच्या मणक्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल हातात घेऊन समजावणार असेल, तर आधी विचारून फ्रेम तेवढी मोकळी ठेवा, म्हणजे मध्येच कॅमेरा हलवावा लागत नाही. हरकतींवर न्यायाधीश नंतर निकाल देतात आणि त्याप्रमाणे तुकडे काढले जातात. तुम्हाला ‘पान ४७, ओळ १२ ते २०’ असं लेखी येईल, तेवढंच कापायचं. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

सामानाबद्दल आता फार उरलं नाही. मिररलेसपेक्षा एक्सएलआर इनपुट (व्यावसायिक माइकची वायर जोडायची जागा) असलेला साधा कॅमकॉर्डर बरा. बरेच जुने मिररलेस अर्ध्या तासाला थांबतात, काही तापतात, आणि चित्रावर वेळ छापत नाहीत. दोन कार्डांवर एकदम रेकॉर्ड, शिवाय वेगळा रेकॉर्डर. भिंतीच्या विजेवर चालवा, पण बॅटरी लावलेली असू द्या. फोर-के नको, दिवसभराची ती फाइल कुणी उघडत नाही. बराच काळ एमपेग-१ हाच या धंद्याचा ठरलेला फॉरमॅट होता, आता बहुतेक जण एमपी४ मागतात. ट्रान्स्क्रिप्टशी ओळीओळीने जुळवलेला व्हिडिओ, ज्याला इथे सिंक म्हणतात, त्याचे वेगळे पैसे असतात. वायरी चिकटवायला गॅफर टेप भरपूर घ्या, वकील अडखळून पडला तर तो वकीलच असतो.

झूमवरच्या साक्षी २०२० नंतर रुळल्या. त्यासाठी पक्षांची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागतो, ते वकील बघतात. तुम्ही बघायचं ते साक्षीदाराच्या लॅपटॉपची उंची, बनावट पार्श्वभूमी बंद, इंटरनेट वायरने, आणि पडद्यावर फक्त साक्षीदार.

भारतातल्या उपयोगाचं म्हणाल, तर नुसत्या डिपोझिशनवर तिथे घर चालणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ४ प्रमाणे कोर्टाने नेमलेला कमिशनर उलटतपासणी लेखी किंवा यांत्रिक पद्धतीने नोंदवू शकतो, साक्षीदाराच्या वागण्यावर शेराही लिहू शकतो, पण व्यवहारात ती बहुतेक टाइपच होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण आणलं, पण ते पोलीस स्वतः करतात, मोबाइलवर. तुमच्यासारख्यांना वाव आहे तो मुंबईतल्या मोठ्या लवाद प्रकरणांत. एक गोष्ट मात्र आजच शिकून ठेवा: प्रमाणपत्र, म्हणजे रेकॉर्डिंगची प्रत कशावरून आणि कशी काढली हे सांगणारा सहीचा कागद. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दिले गेले का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं, की मूळ उपकरण कोर्टात न आणता नुसती प्रत द्यायची, तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. त्या प्रकरणात अधिकाऱ्यांनी मागूनही प्रमाणपत्र दिलं नव्हतं, म्हणून मागणाऱ्याला सूट मिळाली. ती सगळ्यांना मिळेल असं नाही. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत असतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलमधून काढलेला असा आकडा, जो फाइल जराही बदलली की बदलतो. अमेरिकेतही कार्ड काढल्या काढल्या हॅश काढून लॉगवर लिहायची सवय लावा, खर्च शून्य आहे.

शिक्षणासाठी इथल्या कोर्ट रिपोर्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेचा, एनसीआरएचा, सीएलव्हीएस (सर्टिफाइड लीगल व्हिडिओ स्पेशालिस्ट) हा कार्यक्रम आहे: कार्यशाळा, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष रेकॉर्डिंगची परीक्षा. प्रमाणपत्राने काम आपोआप येत नाही, पण एजन्सी फोन उचलते. त्याआधी एखाद्या जुन्या व्हिडिओग्राफरच्या मागे वायरी गुंडाळत काही दिवस बसून या, परवानगी मिळाली तर.

एजन्सीला हो म्हणण्याआधी चार गोष्टी ईमेलवर विचारून घ्या: किमान किती तासांचे पैसे, सेटअपचा वेळ त्यात धरतात का, सिंक कोण करणार, आणि आदल्या संध्याकाळी रद्द झालं तर काय मिळणार. शेवटचं नक्की विचारा. प्रकरणं आदल्या रात्री मिटतात, आणि तोवर तुम्ही गाडी भरून ठेवलेली असते. पैसे वकिलाने एजन्सीला दिल्यावर मिळतील की ठरलेल्या तारखेला, हेही त्यातच लिहून घ्या.